माझे गाव

‘माझे गाव’ हा निबंध मी गेली वीस वर्षे मुलांना घालत आलो आहे. मागे एका मुलाने लिहिले, ‘संध्याकाळी आई भाकरी करते नि मी चुलीजवळ बसतो.’ दिवस पौषाचे होते. त्याचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, घराला कुलूप, पोरगा आजीकडे. हे मला ठाऊक होते. मी तांबड्या शाईने शेरा मारला, ‘खोटे लिहू नये.’

त्या शेऱ्याची आठवण यंदा एका चित्रपटाने करून दिली. गाय मॅडिन हा कॅनडातला दिग्दर्शक; जन्म १९५६, गाव विनिपेग. त्याचा ‘माय विनिपेग’ २००७ सालचा. म्हणजे निबंधाचा विषय आमच्या वर्गातलाच!

आगगाडीत पेंगणारा नायक गाव सोडू पाहतो आहे. बाहेर बर्फ, निवेदन खुद्द मॅडिनचे. गावाची ओढ तुटावी म्हणून तो जुने घर महिनाभर भाड्याने घेतो, भावंडांच्या जागी नट आणतो आणि बालपणाचे प्रसंग पुन्हा घडवतो. वारलेल्या वडिलांच्या जागी गालिच्याखाली नुसता उंचवटा! आईचे काम करते अ‍ॅन सॅव्हेज, १९४५ च्या ‘डीटूर’मधली नटी, पण ही आपली सख्खी आईच, असे तो बेधडक सांगतो.

यात खरे किती? १९ फेब्रुवारी १९४२ रोजी युद्धकर्जाचे रोखे खपावेत म्हणून विनिपेगात नाझी स्वारीचे सोंग काढले. महापौरांना ‘अटक’ झाली, पुस्तके जाळली. थाप वाटावी, पण हे घडलेले आहे. उलट नदीच्या बर्फात गोठलेली घोड्यांची मुंडकी नि त्यांच्यामधून हिंडणारी जोडपी, ही मला कल्पनेचीच करणी वाटते. मनात राहतात मात्र ती मुंडकीच.

एक गोष्ट मात्र खटकली. १९१९ च्या मे-जून महिन्यांत विनिपेगच्या कामगारांनी सहा आठवडे संप केला. २१ जूनला गोळीबार झाला, माणसे मेली. मॅडिन त्यातून शाळकरी मुलींच्या भयस्वप्नांचा फार्स काढतो. आपल्या आईविषयी वाटेल ते रचावे, तो हक्क लेकराचा आहे. दुसऱ्याच्या पोटाची लढाई सांगताना हात जरा आखडता हवा होता.

एरवी हा निबंध मी पहिल्या नंबरचा मानतो. जे घर परत मिळणार नाही, ते याने महिन्याच्या भाड्याने मिळवून पाहिले. माझ्या विद्यार्थ्याने एका वाक्यात तेच केले होते, आणि मी ते खोडले.

दिवाळी सरली की आमच्याकडची कितीतरी घरे पुन्हा कुलपे लावतील. मी निबंध हाच घालणार आहे. तांबडी शाई मात्र शुद्धलेखनापुरतीच.