कौलांवरचा आवाज कुणाचा?

भुताच्या गोष्टीत आवाज आधी येतो आणि भूत नंतर. माळ्यावर काहीतरी सरकतं, बंद खोलीत पावलं वाजतात, आणि रात्री दीड वाजता आपण स्क्रोल करत राहतो. मराठी वाचकाला ही चटक लावली नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी. धारपांकडे तो आवाज बहुतेकदा माणसापलीकडून येतो, मतकरींकडे पुष्कळदा माणसाच्या मनातून. पण आवाजामागचा माणूस सापडल्यावर पुढे काय करायचं? याचं सगळ्यात गंभीर उत्तर मला सापडलं ते नरेंद्र दाभोलकरांच्या 'तिमिरातुनी तेजाकडे' या पुस्तकात, भानामतीबद्दलच्या लेखनात.

भानामती म्हणजे काय, हे आमच्या पेठ वडगावातल्या जुन्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. रात्री कौलांवर दगड पडतात, भांडी खाली येतात, दोरीवरचे कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. एरवी घरातले आवाज साधे असतात. दिवसभर तापलेला पत्रा रात्री आकसताना टकटक वाजतो, आढ्यात उंदीर धावतात, नळ झटक्यात बंद केला की पाइपात पाणी धडकतं. बॅटरी घेऊन वर चढलं की ही कोडी सुटतात. भानामतीत मात्र तपास छपरावरून खाली, घरातल्या माणसांपर्यंत येतो.

दाभोलकर साताऱ्याचे, पेशानं डॉक्टर. 1989 साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. समितीचा अनुभव सांगतो की दगड मारणारा हात माणसाचा असतो, आणि बहुधा घरातल्याच माणसाचा. कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलतात, ती व्यक्ती शोधतात, तिला विश्वासात घेतात. प्रकार थांबतो. नाव जाहीर केलं जात नाही.

इथे रहस्यकथेचा वाचक चरफडतो. शेरलॉक होम्सपासून आपल्याला शेवटच्या पानावर नाव मिळायची सवय आहे. मला मात्र हे न सांगणंच या लेखनातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. दगड मारणारी व्यक्ती पुष्कळदा घरात सगळ्यात दबलेली असते: सून, वयात येणारी मुलगी, गप्प राहणारं पोर. नाव फुटलं तर भूत जाईल, पण तिला त्या घरात तोंड दाखवणं कठीण होईल. बग कुठल्या ओळीत आहे हे कळलं की आम्हा इंजिनिअरांचं काम बरंचसं संपतं. इथे ते तिथून सुरू होतं.

नाव उघड झालेलं एक जुनं प्रकरण अमेरिकेतलं आहे. 1848 साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल इथे फॉक्स कुटुंबाच्या घरात रात्री ठकठक ऐकू येऊ लागली. मॅगी आणि केट या घरातल्या मुली त्या आवाजाशी 'बोलू' लागल्या, आणि त्यातून मृतात्म्यांशी संवाद साधण्याची मोठी चळवळ उभी राहिली. 1888 साली मॅगीनं न्यूयॉर्कच्या एका सभागृहात पायाच्या बोटांचे सांधे वाजवून तोच आवाज काढून दाखवला. पुढच्या वर्षी तिनं कबुली मागे घेतली. काही वर्षांत दोघी बहिणी हलाखीत वारल्या. चळवळ चालूच राहिली. आवाज कसा निघतो हे जगाला कळलं. त्या मुलींना काय हवं होतं, हा प्रश्न गर्दीत हरवला.

दाभोलकरांना तो प्रश्न दिसतो. तरी एक तक्रार उरते. दगड मारणारी आपल्याला दिसते ती कार्यकर्त्याच्या नजरेतून. कोंडमारा, ताण, लक्ष वेधून घेणं अशी कारणं येतात आणि पटतातही. पण अंधारात पहिला दगड उचलताना तिला काय वाटलं? एरवी तिच्यावर ओरडणारी माणसं भेदरलेली पाहून तिला बरं वाटलं का? अहवालाच्या भाषेत हे मावत नाही, आणि चळवळीकडून ती अपेक्षाही नको. नाव-गाव बदलून सगळं सांगायची मुभा कथाकाराला असते.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. मांत्रिकाला आता कायद्यानं धरता येतं. आता मला एक मराठी गूढकथा वाचायची आहे, जी दगड कुणी मारला हे पहिल्याच वाक्यात सांगेल आणि मग पुढची सगळी पानं तिला बोलू देईल.