संचलन, मिरवणूक आणि झेंडावंदन : परदेशस्थ प्रेक्षकाचा प्रश्न

राष्ट्रीय सणाच्या सोहळ्यासाठी मराठीत तीन शब्द रूढ आहेत. त्यांची सरमिसळ होत असली, तरी सोबतची क्रियापदे पाहिली म्हणजे भेद स्पष्ट होतो. संचलन आपण 'पाहतो', मिरवणुकीत 'सामील होतो' आणि झेंडावंदनाला 'जातो'. पहिल्यात प्रेक्षकाचे अंतर गृहीत आहे, दुसऱ्यात ते मोडते, तिसऱ्यात उपस्थिती हेच कर्तव्य ठरते.

परदेशी राहणाऱ्याच्या वाट्याला यांपैकी काय येते? दिल्लीचे प्रजासत्ताकदिनाचे संचलन अलीकडे सकाळी १०:३० वाजता सुरू होते. चाकणच्या मोटार-कारखान्यातून श्टुटगार्टला गेलेल्या अभियंत्याच्या घड्याळात त्या वेळी पहाटेचे ६ वाजलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र असते. दृश्य पडद्यावर पोहोचते, परंतु शेजार निजलेला असतो आणि तेथील पंचांगात तो दिवस सणाचा नसतो. 'पाहणे' एवढेच क्रियापद शिल्लक राहते. अशा वेळी दाटून येणाऱ्या गहिवराला देशप्रेमाचा पुरावा मानण्याचा प्रघात आहे. हा अर्थ अपुरा होय. तो गहिवर जे दिसते त्याच्याइतकाच, हातून सुटलेल्या दोन क्रियापदांसाठीही असतो.

न्यूयॉर्कमधील भारतीयांचा सोहळा याची साक्ष देतो. १९८१ पासून मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर निघणारी ही 'परेड' १५ ऑगस्टलाच निघते असे नाही. ती जवळच्या रविवारी निघते. तीत प्राधान्य सैन्याला नसून मंडळांना व चित्ररथांना असते. नावाने परेड असली, तरी मराठी अर्थाने ती मिरवणूकच होय. कारण 'मिरवणे' या धातूतच स्वतःला चारचौघांत दाखविण्याचा भाव आहे. स्थलांतरितांनी तारीख सोडली आणि चालण्याचा हक्क मिळविला.

हाच प्रश्न पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात उलट बाजूने उभा राहतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली; २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या वाटचालीत परदेशी तंत्रज्ञही येथे वस्तीस आले. येथे परदेशस्थ प्रेक्षक तेच होत. १ मे हा १९६० पासून महाराष्ट्र दिन आहे, तसाच तो कामगार दिनही आहे. जर्मनीतही त्या दिवशी कामगार दिनाची सुटी असते. म्हणजे निम्मा सण जर्मन तंत्रज्ञाच्या ओळखीचा आहे. तरीही निमंत्रणावाचून तो बघ्याच राहतो.

परक्याने आपल्या झेंड्याला वंदन का करावे, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु वंदन आणि 'उभे राहणे' यांत भेद आहे. वंदनात निष्ठा आहे, उभे राहण्यात सौजन्य आहे. निष्ठा मागता येत नाही. सौजन्याला जागा मात्र देता येते. ती देणे यजमान समाजाचे काम होय, मग तो समाज चाकणचा असो वा श्टुटगार्टचा.

म्हणून स्थलांतराच्या अभ्यासकाने परदेशस्थाने काय पाहिले, एवढ्यावर थांबू नये. त्याला पाहण्यापलीकडे काय करता आले, हे नोंदविल्याखेरीज त्याच्या आपलेपणाचे मोजमाप होणार नाही.