नावीन्याची मोजदाद

‘नवे काही शोधा’ असा हुकूम काढून नवे शोध लागतात का? आपल्या पदव्युत्तर शिक्षणात हा प्रयोग होऊन गेला आहे. त्याचे निष्कर्ष शिक्षकांनी पाहण्यासारखे आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली पीएच.डी.साठी नियम केला : प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला हवा. हेतू चांगला होता. विद्यार्थ्याचे काम बाहेरच्या जाणकारांनी तपासावे, हा. पण तपासण्यापेक्षा छापण्याला महत्त्व आले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना गिऱ्हाईक मिळाले. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, तर तीतही ती शिरली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली १००९ नियतकालिके पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी तपासली. त्यांतील ८८ टक्के निकृष्ट निघाली. मे २०१८ मध्ये आयोगाने यादीतून ४३०५ नावे वगळली. नोव्हेंबर २०२२ मध्ये निबंधाची सक्तीही गेली.

असे का झाले? निबंध ही संशोधनाची खूण आहे, संशोधन नव्हे. तापमापी गरम चहात बुडवली तर पारा चढतो. म्हणून कुणाला ताप येत नाही. शाळेतही आपण हेच पाहतो. प्रकल्पाला गुण ठेवले, की तयार प्रकल्पवह्या दुकानात मिळू लागतात.

आता नवी संधी आली आहे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्पाला १० श्रेयांक आहेत. दिशा योग्य आहे. पण प्रकल्पाला मार्गदर्शकाचा वेळ लागतो, चालू स्थितीतली उपकरणे लागतात आणि चुकण्याची मुभा लागते. एका अध्यापकाकडे डझनभर विद्यार्थी आणि प्रयोगशाळा दुपारीच बंद, अशी स्थिती असेल तर श्रेयांक मिळतील, संशोधन होणार नाही.

म्हणून परीक्षकांनी सुबक बांधणीचा अहवाल बाजूला ठेवून आधी रोजची नोंदवही मागावी. अपेक्षेविरुद्ध आलेले उत्तर विद्यार्थ्याने का खोडले नाही, हे विचारावे आणि त्याला गुण द्यावेत. शासनानेही किती प्रकल्प झाले हे विचारण्याआधी, त्यांसाठी अध्यापकांच्या किती जागा भरल्या, हे सांगावे.