‘मुलाचे हित’ आणि पालकाचे स्थलांतर : काही न्यायनिर्णयांची चिकित्सा

प्रस्तावना

पती-पत्नी विभक्त झाल्यानंतर अज्ञान अपत्याचा ताबा कोणाकडे असावा, या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र ताबा असलेला पालक नोकरीसाठी, पुनर्विवाहासाठी किंवा माहेरच्या आधारासाठी गाव सोडू इच्छितो, तेव्हा उभा राहणारा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. सदर लेखात तीन महत्त्वाच्या न्यायनिर्णयांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली असून कडेगावसारख्या तालुक्याच्या संदर्भात तिचा अर्थ तपासला आहे.

कायद्याची चौकट

या विषयाचा मूळ कायदा म्हणजे पालक व पाल्य अधिनियम, 1890. त्याच्या कलम 9 नुसार अर्ज कोठे करावयाचा, हे मूल ‘सर्वसाधारणपणे’ कोठे राहते यावरून ठरते. कलम 26 नुसार न्यायालयाने नेमलेल्या पालकास परवानगीवाचून पाल्याला न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर नेता येत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 मध्ये पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे मातेकडे असावा असे म्हटले आहे, तर कलम 13 ने मुलाचे कल्याण हा सर्वोच्च निकष मानला आहे. स्थलांतराकडे हा कायदा प्रामुख्याने हद्दीचा प्रश्न म्हणून पाहतो. ‘कल्याण’ या शब्दाची व्याख्या तो करीत नाही. तिचा आशय न्यायालयांनी प्रकरणपरत्वे भरला आहे.

तीन निर्णय, तीन भाषा

2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात पिता अलाहाबादेत आणि माता पानिपतला राहत होती. मुलगा पित्याजवळ वाढत होता. ओळखीच्या परिसरातून आणि शाळेतून त्याला उपटणे हितावह नाही, असे मानून न्यायालयाने ताबा पित्याकडेच ठेवला. 2010 मध्ये त्याच न्यायालयाने मातेला मुलासह ऑस्ट्रेलियात जाण्यास मुभा दिली. मातेलाही स्वतंत्र आयुष्य आहे, याची दखल या निर्णयात घेतली गेली. दोन्ही प्रकरणांत न्यायमूर्तींनी मुलाशी प्रत्यक्ष बोलून त्याचा कल जाणून घेतला होता.

जुलै 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी दिलेला निर्णय महाराष्ट्रात बराच चर्चिला गेला. पुण्यातील एका नोकरदार मातेला पोलंडमधील क्राकोव्ह येथे कामाची संधी मिळाली होती. नऊ वर्षांच्या मुलीला सोबत नेण्यास पित्याने हरकत घेतली. मुलगी दुरावेल, तसेच युक्रेनमधील युद्धामुळे तो प्रदेश सुरक्षित नाही, असे त्याचे म्हणणे होते. कुटुंब न्यायालयाने परवानगी नाकारली. उच्च न्यायालयाने पित्याच्या भेटीची तजवीज ठेवून ती दिली. नोकरीची संधी मातेला नाकारता येणार नाही आणि दोन्ही बाजूंच्या हिताचा समतोल साधला पाहिजे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

वरवर पाहता या निर्णयांत विसंगती दिसते. अलाहाबाद ते पानिपत हे अंतर मुलासाठी फार ठरते आणि पुणे ते क्राकोव्ह हे अंतर सुसह्य ठरते. एके ठिकाणी शाळा आणि गावाची भाषा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी मातेच्या व्यक्तित्वाची आणि नोकरीची. परंतु निकालांचा परिणाम पाहिला तर एक समान सूत्र हाती लागते. तिन्ही प्रकरणांत मूल ज्या पालकासोबत आधीपासून राहत होते, त्याच पालकासोबत राहिले. म्हणजे प्रत्यक्ष निकष अंतराचा नाही. तो रोजच्या सोबतीचा आहे. मूल कोणाच्या हातचे जेवते आणि तापात कोणाला हाक मारते, याला न्यायालयांनी कृतीत महत्त्व दिले. मात्र या निकषाची स्वतंत्र आणि स्पष्ट मांडणी केली नाही.

कडेगावच्या संदर्भात

निकष अव्यक्त राहिल्याचे परिणाम ग्रामीण भागात अधिक गंभीर होतात. खानापूर, आटपाडी आणि कडेगाव या दुष्काळी पट्ट्यातील अनेक कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभरातील शहरांत पसरली आहेत. अशा कुटुंबातील लग्न परमुलखात मोडले, तर स्त्री बहुधा माहेरी येते. तिचे माहेरी येणे हेही स्थलांतरच आहे. परंतु त्यासाठी कोणी परवानगी मागत नाही, की कोणता न्यायनिर्णय त्याला स्थलांतर म्हणत नाही. एसटीच्या थांब्यावर उतरताना मूल तिच्या कडेवर असेल, तर रोजची सोबत तिच्या बाजूने मोजली जाते. सासरी मूल, विशेषतः मुलगा, ठेवून घेतला गेला असेल, तर तीच सोबत तिच्या विरोधात उभी राहते. दावा दाखल होऊन सुनावणीला येईपर्यंत मूल नव्या घराला सरावते. त्याचा तो सराव मग ‘स्थैर्य’ म्हणून गणला जातो. पहिला निर्णय अशा वेळी न्यायालयाचा नसतो. ज्याने आधी मूल उचलले त्याचा असतो.

दुसरी विषमता अशी की, परवानगीचा प्रश्न ताबा असलेल्या पालकालाच विचारला जातो. ताबा नसलेला पिता धंद्यासाठी हजार मैल दूर गेला, तर त्याच्या जाण्याने मुलाचे हित बिघडते का, हे कोणी तपासत नाही. दूर जाणे त्याच्या बाबतीत उपजीविका ठरते आणि मातेच्या बाबतीत आक्षेपार्ह वर्तन. 2022 च्या निर्णयाने या विषमतेचा एक पदर उलगडला, हे त्याचे मोठेपण. तथापि चर्चा ‘करिअर की अपत्य’ या शब्दांत अडकली आणि मुलीच्या बाजूने पाहण्याचे काम अपुरे राहिले. पित्याची हरकत ही केवळ अडवणूक असते असेही नाही. सुट्टीतली भेट आणि पडद्यावरचे बोलणे ही रोजच्या सहवासाची जागा घेऊ शकत नाहीत, ही त्याची व्यथा खरी असू शकते.

समारोप

विधी आयोगाने मे 2015 मधील 257 व्या अहवालात संयुक्त ताबा, मध्यस्थी आणि पालकत्वाचा लेखी आराखडा यांसंबंधी शिफारशी केल्या. त्यांचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. ते होईपर्यंत न्यायालयांना तीन गोष्टी करता येतील. रोजच्या सोबतीचा निकष उघडपणे मांडावा. ती सोबत कोणत्या मार्गाने निर्माण झाली, हेही तपासावे. बळजबरीने मिळवलेल्या स्थैर्याला स्थैर्य मानू नये. आणि अंतरिम ताब्याचा अर्ज पहिल्या काही आठवड्यांतच निकाली काढावा. क्राकोव्हला निघालेल्या मुलीच्या बाजूने उच्च न्यायालय तरी उभे राहू शकले. कडेगावच्या थांब्यावर आईविना राहिलेल्या किंवा बापाविना उतरलेल्या मुलाचा प्रश्न न्यायालयात पोहोचतो, तोवर त्याचे उत्तर बहुधा ठरून गेलेले असते.