चर्चने चळवळ उभी केली का? एक पेपर, एक पुस्तक आणि ‘चर्च’ या शब्दाचा घोळ



पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा झाली की पुढचं टेन्शन सिनॉप्सिसचं. आणि सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास येतं: ‘अमुक संस्थेचा तमुक सामाजिक बदलात मोलाचा वाटा आहे.’ संस्था बदलते (बचतगट, ग्रामपंचायत, देवस्थान, चर्च), पण वाक्य तेच राहतं. गाईडही मान डोलावतात, कारण वाक्य चुकीचं वाटत नाही. पण ते तपासायचं कसं?

त्यासाठी मी एक असं उदाहरण घेतोय, ज्यावर दोन ताकदीचे अभ्यास आहेत आणि वरवर पाहता दोघांची उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत. विषय आहे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची नागरी हक्क चळवळ आणि त्यातला चर्चचा सहभाग. माझं एम.एस्सी. विज्ञानाचं, त्यामुळे मी हे धर्मशास्त्र म्हणून वाचत नाही. नेमकं काय मोजलंय आणि त्यावरून केवढा मोठा दावा केलाय, एवढंच बघतो.

पहिला अभ्यास: धर्म अफू आहे की प्रेरणा?

१९६७ साली गॅरी मार्क्स या समाजशास्त्रज्ञाचा पेपर ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये आला. (हे कार्ल मार्क्स नव्हेत. पण पेपरच्या शीर्षकात अफूचा उल्लेख आहे, म्हणजे आडनावातली गंमत त्यांनाही कळली असावी!) पेपरमागे १९६४ साली शहरी कृष्णवर्णीयांमध्ये केलेलं सर्वेक्षण होतं. हजाराहून जास्त लोकांना प्रश्न विचारले गेले. तुम्ही किती धार्मिक आहात? चर्चमध्ये किती वेळा जाता? निदर्शनं अजून व्हावीत की कमी? सरकार समानतेच्या कामात फार हळू चाललंय का? अशा उत्तरांवरून प्रत्येकाची धार्मिकता आणि प्रत्येकाचा लढाऊपणा यांचा निर्देशांक काढला.

निष्कर्ष असा, की धार्मिकता जितकी जास्त, तितका लढाऊपणा कमी. वय, शिक्षण, प्रदेश वेगवेगळे धरून पाहिले तरी कल तोच राहिला. मार्क्स प्रामाणिक संशोधक, म्हणून ते इथेच थांबत नाहीत. धार्मिक लोकांमध्येही दोन प्रकार आहेत, असं ते दाखवतात. ज्यांचं लक्ष परलोकातल्या सुखाकडे आहे ते शांत बसतात. ज्यांना देवाचा न्याय याच जगात व्हायला हवा असं वाटतं, ते जास्त लढाऊ असतात. पण एकूण चित्र म्हणून वाचकाच्या डोक्यात राहतं ते एवढंच: चर्च लोकांना थंड करतं.

दुसरा अभ्यास: चर्च हेच चळवळीचं घर

१९८४ साली ॲल्डन मॉरिस यांचं ‘द ओरिजिन्स ऑफ द सिव्हिल राइट्स मूव्हमेंट’ आलं. मॉरिस यांनी सर्वेक्षण केलं नाही. चळवळीत प्रत्यक्ष काम केलेल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि जुनी कागदपत्रं धुंडाळली. त्यांचं म्हणणं, ही चळवळ अचानक भडकलेली नव्हती, ती बांधलेली होती आणि बांधणीचं साहित्य कृष्णवर्णीय चर्चमधून आलं.

कसं, ते ते तपशिलात सांगतात आणि पुस्तकाचा जीव तिथेच आहे. चर्चकडे सभागृह होतं. दर आठवड्याला जमणारी मंडळी होती. वर्गणी गोळा करायची जुनी सवय होती. आणि पाळकाचा पगार मंडळीच देत होती. शाळामास्तरला किंवा घरकाम करणाऱ्या बाईला गोरा मालक उद्या कामावरून काढू शकत होता, पाळकाला तसं काढणं त्याच्या हातात नव्हतं. बोलायची मोकळीक ही शौर्याइतकीच पगार कुठून येतो याचीही गोष्ट आहे, हा मॉरिस यांचा मुद्दा मला फार पटतो.

लुइझियानातल्या बॅटन रूज शहराचं उदाहरण बघा. जून १९५३ मध्ये तिथे बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बहिष्कार झाला. नेतृत्व टी. जे. जेमिसन या बॅप्टिस्ट पाळकाकडे होतं. लोकांना कामावर न्यायला मोफत मोटारींची सोय केली गेली. काही दिवसांत तडजोड झाली आणि बहिष्कार संपला. त्यानंतर अडीच वर्षांनी अलाबामातल्या माँटगोमेरीत बहिष्कार सुरू झाला, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी मोटारींची व्यवस्था कशी लावायची हे जेमिसन यांनाच फोन करून विचारलं. माँटगोमेरीचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. पुढे तर चर्चच्या नावावर गाड्या घेतल्या गेल्या, लोक त्यांना चाकांवरची चर्च म्हणत.

मग खरं कोण?

विज्ञानात असं झालं तर आपण आधी विचारतो: दोघांनी एकच गोष्ट मोजली का? इथे नाही. मार्क्स यांनी *माणूस* मोजला, मॉरिस यांनी *संघटना* पाहिली. संशोधनाच्या भाषेत, विश्लेषणाचं एकक वेगळं आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका शहरात नियमित चर्चला जाणारे १००० लोक आहेत, त्यातल्या २५० जणांना निदर्शनं व्हावीत असं वाटतं. म्हणजे २५ टक्के. चर्चला न जाणारे २०० आहेत, त्यातले १४० निदर्शनांच्या बाजूने. म्हणजे ७० टक्के. सर्वेक्षण म्हणेल, चर्चपासून लांब असलेले जास्त लढाऊ. बरोबर. पण ते २५० जण दर रविवारी एका छताखाली भेटतात, एकमेकांना नावाने ओळखतात, त्यांच्याकडे खजिनदार आहे आणि निरोप घरोघर पोचवायची पद्धत आहे. ते १४० जण शहरभर विखुरलेले. सोमवारी सकाळी मोर्चा कोण काढेल?

म्हणजे मार्क्स आणि मॉरिस दोघंही एकाच वेळी बरोबर असू शकतात. नेटच्या अभ्यासात आपण ‘इकॉलॉजिकल फॅलसी’ पाठ करतो ना, म्हणजे गटाच्या आकड्यावरून व्यक्तीबद्दल बोलणं? मार्क्स यांचा पेपर दाखवून ‘चर्चमुळे चळवळ रोखली गेली’ म्हणणारे त्याची उलटी बाजू करतात. व्यक्तीच्या आकड्यावरून ते संस्थेबद्दल बोलतात.

शिवाय मार्क्स यांनी मत विचारलं, कृती नाही. आणि १९६४ मधला एकच क्षण टिपला. सभेला आलेला गप्प माणूस तीन महिन्यांनी बदलला का, हे अशा एका फोटोत दिसत नाही.

आता मॉरिस यांच्याशी भांडण

इथपर्यंत वाचून वाटेल, मॉरिस जिंकले. बऱ्याच अभ्यासक्रमांत तसंच शिकवलं जातं. पण त्यांच्या पुस्तकाबद्दल माझ्या तीन तक्रारी आहेत.

पहिली, निवडलेली शहरं. मॉरिस मुख्यतः जिथे चळवळ उभी राहिली तिथे जाऊन विचारतात, इथे काय होतं? उत्तर येतं, चर्च होतं. पण चर्च दक्षिणेतल्या जवळजवळ प्रत्येक गावात होतं. सभागृह, वर्गणी, मंडळीच्या पैशावर जगणारा पाळक, सगळं होतं. तरी बहुतेक गावांत काही हललं नाही. लॅबमध्ये ज्याला आपण कंट्रोल म्हणतो, तो इथे नीट बांधलेला नाही. चर्चशिवाय चळवळ उभी राहणं कठीण होतं, हे मॉरिस दाखवतात. चर्च असलं की चळवळ होते, हे त्यावरून निघत नाही.

दुसरी तक्रार, ‘चर्च’ हा एक शब्द. चार्ल्स पेन यांनी १९९५ च्या पुस्तकात मिसिसिपीतल्या ग्रीनवुड भागाचा बारकाईने अभ्यास केला. तिथे सुरुवातीला बरेच पाळक चळवळीला दार उघडायला तयार नव्हते. त्यांना ढकललं ते मंडळीतल्या माणसांनी, विशेषतः बायकांनी. राष्ट्रीय पातळीवरही हेच. नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही कृष्णवर्णीय बॅप्टिस्टांची सर्वांत मोठी संघटना. तिचे अध्यक्ष जे. एच. जॅक्सन यांचा किंग यांच्या रस्त्यावरच्या लढ्याला विरोध होता. वाद इतका वाढला की १९६१ साली किंग यांच्या बाजूचे लोक बाहेर पडले आणि वेगळी प्रोग्रेसिव्ह नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन निघाली. सगळी चर्च सोबत नव्हती, हे मॉरिस यांना माहीत आहे, ते तसं लिहितातही. पण त्यांच्या सिद्धांतात ही फूट बाजूला राहते. तीच मध्यभागी हवी होती. एकाच पंथात, एकच बायबल वाचणारे, एकाच अन्यायाखाली जगणारे लोक दोन बाजूंना का गेले? प्रबंधाचा प्रश्न हा आहे.

तिसरी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘चर्चने केलं’ असं म्हटलं की चर्चचा चेहरा म्हणून पाळक समोर येतो. आणि पाळक जवळजवळ सगळे पुरुष. माँटगोमेरीचंच बघा. रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली. त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या कॉलेजमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी स्टेन्सिल कापून मिमिओग्राफवर हजारो पत्रकं काढली आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांच्या मदतीने वाटली. त्यांची संघटना होती विमेन्स पोलिटिकल कौन्सिल, आणि बहिष्कार होऊ शकतो असा इशारा त्यांनी महापौरांना मे १९५४ मध्येच पत्राने दिला होता. रॉबिन्सन यांच्या आठवणी १९८७ साली प्रसिद्ध झाल्या. त्या वाचल्या की कळतं, मंडळीतले लोक बहिष्काराला निघालेच आहेत हे पाळकांना पत्रकांतून समजलं आणि मग ते पुढे आले.

एला बेकर यांचंही तसंच. १९५७ साली स्थापन झालेल्या सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्सचं कार्यालय सुरुवातीला त्यांनी उभं केलं आणि काही काळ हंगामी कार्यकारी संचालक म्हणून चालवलं. कायमची नेमणूक मात्र पाळकांची झाली. मॉरिस या दोघींबद्दल लिहितात, ते टाळत नाहीत. पण त्यांच्या स्पष्टीकरणात चळवळीचं इंजिन राहतं ते करिष्मा असलेला पाळक आणि त्याची मंडळी. बेलिंडा रॉबनेट यांनी १९९७ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: पाळकांचं नेतृत्व आणि सामान्य माणूस यांच्यामध्ये पूल बांधणाऱ्या या बायका नेत्याच होत्या, फक्त पद त्यांच्याकडे नव्हतं.

समावेशासाठी लढणाऱ्या संस्थेच्या आत समावेश किती होता, हा प्रश्न कुणाला टोमणा वाटेल. पण तो पद्धतीचा प्रश्न आहे. तुमचा डेटा पदाधिकाऱ्यांच्या यादीतून आला, तर उत्तरातही पदाधिकारीच येणार.

आणि शेवट कुणी केला?

अजून एक गोष्ट. बहिष्कार टिकला चर्चच्या बळावर, हे मला मान्य. पण तो जिंकला कसा? बसमधला वर्णभेद संपला तो न्यायालयाच्या निकालाने. ब्राउडर विरुद्ध गेल हा खटला चालवला गेला तो बसमध्ये अन्याय सोसलेल्या चार स्त्रियांच्या नावाने. त्यात क्लॉडेट कॉल्विन होती. रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिला जागा सोडली नाही म्हणून अटक झाली होती. १३ नोव्हेंबर १९५६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला आणि डिसेंबरात बहिष्कार संपला. चळवळ टिकण्याचं कारण आणि चळवळ यशस्वी होण्याचं कारण ही दोन वेगळी उत्तरं आहेत. सिनॉप्सिसमध्ये आपण दोन्ही ‘वाटा’ या एका शब्दात कोंबतो.

तुमच्या कामासाठी

मग हे पुस्तक वाचायचं का? नक्की वाचा. बॅटन रूजचा भाग तर आधी वाचा. संस्थेची ताकद म्हणजे खोली, पैसा, वेळापत्रक आणि कुणावर अवलंबून नसलेला माणूस, हे इतक्या स्पष्टपणे फार कमी पुस्तकांत सापडतं. पण त्यातून एक वाक्य उचलून ‘चर्च सामाजिक न्यायाला चालना देते’ असं लिहू नका. मॉरिस यांचा पुरावा तेवढा मोठा दावा पेलत नाही.

आपल्याकडे कुणी वसईतल्या हरित वसई चळवळीवर काम करायचं ठरवलं, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव पहिल्या पानावर येणारच, आणि यायलाही हवं. पण दुसऱ्या पानापासून प्रश्न बदलायला हवेत. नेमकी कुठली मंडळी? सभेची जागा कुणाची? पैसे कुठून? त्याच धर्मग्रामातले कोण आले नाहीत आणि का? शेतावरच्या बायका कुठे होत्या? दुसऱ्या धर्माचे शेजारी कधी आले? आणि ज्या गावात चर्च होतं पण चळवळ नव्हती, असं एक तरी गाव अभ्यासात घ्या.

एवढं केलंत तर वायवाला ‘चर्चचा वाटा मोलाचा’ म्हणायची गरजच पडणार नाही. कुणी काय केलं, कुणाला त्याची काय किंमत मोजावी लागली आणि कुणाचं नाव यादीतून गळलं, हे तुम्ही सांगू शकाल. शांतता आणि न्याय यांवर संशोधन करणाऱ्याने निदान श्रेयाच्या वाटपात तरी न्याय करावा, एवढीच अपेक्षा.

तुमचा विषय असाच एखाद्या संस्थेवर असेल, तर तुमच्या सिनॉप्सिसमधलं ते ‘वाट्याचं’ वाक्य आज एकदा काढून बघा. त्यात मोजलेलं एकक कुठलं आहे आणि दावा कुठल्या एककाबद्दल आहे, हे दोन वेगळ्या रंगांच्या पेनांनी अधोरेखित करा. दोन्ही रंग एकाच शब्दाखाली आले, तर पुढे जा. नाही आले, तर गाईडकडे जाण्याआधी वाक्य बदला.