प्रोग्रॅम चालत नाही, म्हणजे नक्की काय होतं?

संशोधनाच्या तयारीत लिनक्स शिकायचं ठरलं की आपल्यापैकी बरेच जण आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'कडे वळतात. साधारण दहा मिनिटांचे धडे, निवेदन मराठीतही. एका खिडकीत धडा, शेजारच्या खिडकीत टर्मिनल. ऐकायचं आणि तसंच टाइप करायचं. मीही असंच शिकले, आणि इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांना आजही हेच सुचवते.

सी भाषेच्या धड्यांतला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे मुद्दाम केलेल्या चुका. अर्धविराम गाळायचा, कंपाइल करायचं, एरर वाचायची, दुरुस्ती करायची. चूक अशी उघडी करून दाखवणारे शिक्षक विरळाच.

माझा आक्षेप 'ऐका आणि तसंच टाइप करा' या पद्धतीवर आहे. त्यात 'डॉट स्लॅश' हा नुसता मंत्र होऊन बसतो. आणि कोड अगदी बरोबर असूनही प्रोग्रॅम चालत नाही, तेव्हा मंत्र कामाला येत नाही.

माझं तसंच झालं. दिवाळीत घरी विट्याला एक स्क्रिप्ट चालवत होते. उत्तर आलं, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल तर समोर दिसत होती! दोन दिवस घालवले, लिनक्स पुन्हा टाकलं, तरी तेच. स्क्रिप्ट विंडोजवर सेव्ह केलेली होती, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा चिन्ह होतं. पहिल्या ओळीतल्या 'बॅश'च्या नावालाही ते चिकटलं, आणि त्या नावाचा बॅश सिस्टीमला कुठून सापडणार? 'डॉसटूयुनिक्स' ही एक कमांड दिली आणि काम झालं.

आमच्याकडे यंत्रमाग थांबला तर कारागीर आख्खा माग खोलत नाही. ताण्याचा धागा तुटलाय, कांडी संपलीय की लाइट गेलीय, ते आधी बघतो. इथेही तसंच करा:

'कमांड नॉट फाउंड' (कोड १२७): शेल फक्त 'पाथ'मधल्या फोल्डरांत शोधतो. आपण उभे आहोत ते फोल्डर सहसा त्यात नसतं. 'डॉट स्लॅश' म्हणजे 'इथलाच प्रोग्रॅम घे', एवढंच.

'परमिशन डिनाइड' (कोड १२६): फाइल सापडली, पण चालवायची परवानगी नाही. 'एलएस -एल'ने बघा, 'सीएचमॉड +एक्स'ने द्या.

'नो सच फाइल', पण फाइल तर आहे: मग फाइल नाही, ती चालवणारा प्रोग्रॅम हरवलाय. स्क्रिप्टची पहिली ओळ तपासा.

म्हणून धडे जरूर बघा, पण धडा संपला की खिडकी लगेच बंद करू नका. चालणारा प्रोग्रॅम या तिन्ही प्रकारांनी स्वतः बिघडवा आणि दर वेळी मेसेज शब्दन् शब्द वाचा. प्रबंधाच्या घाईत तोच मेसेज आला की तुमचे दोन दिवस वाचतील. माझे गेले ते गेलेच.