वीट, पट्टा आणि तीनशे आठवडे

बेळगावात सिव्हिल सर्जन राहिलेल्या डॉ. व्ही. बी. गोखले यांनी १९३७ साली अठरा वर्षांच्या एका कृश मुलाला योग शिकवण्यासाठी पुण्याला बोलावले. कोलार जिल्ह्यातील बेळ्ळूरचा तो मुलगा म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. त्यांचे १९६६ सालचे इंग्रजी पुस्तक ‘योगदीपिका’ या नावाने मराठी घरांत आले. आमच्याही घरी ते आहे. आणि आमच्या आईने साठीत आसने सोडली, ती त्यातलीच छायाचित्रे पाहून! “हे माझ्याच्याने होणे नाही,” म्हणाली आणि विषय संपला.

दोष थोडासा पुस्तकाचाही आहे. चित्रात आसन पूर्णत्वाला पोहोचलेले दिसते, तिथवरची वाट दिसत नाही. ती मजकुरात आहे. आसनांना १ ते ६० अशी काठिण्याची श्रेणी आहे, अखेरीस ३०० आठवड्यांचा, म्हणजे जवळजवळ सहा वर्षांचा क्रम आहे. पण वाचकाचा डोळा चित्रावर ठरतो, परिशिष्टावर नव्हे. २००१ सालच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात लोड, विटा, पट्टा, खुर्ची ही साधने थेट चित्रांतच आली. मला ती मूळ ग्रंथाची प्रामाणिक दुरुस्ती वाटते.

साधने म्हणजे कुबड्या, शरीर आपल्या गतीने वळू द्यावे, असा आक्षेप घेतला जातो. म्हैसूरचे पट्टाभि जोईस हे अय्यंगारांचे गुरुबंधू. त्यांच्या पद्धतीत साधने नाहीत. एक आसन बसल्याखेरीज पुढचे द्यायचे नाही, ही शिस्त. ती मोलाचीच. पण तिथे गुरूचे हात आधाराला असतात. घरी एकट्याने करणाऱ्याने ते हात कुठून आणावेत? आणि साधन हे नवे खूळही नाही. हंपीला १५२८ साली कोरलेल्या नरसिंहाच्या गुडघ्यांभोवती योगपट्ट आहेच की!

खरे तर हा वाद मुळातच चुकीचा मांडला जातो. त्रिकोणासनात हात जमिनीला टेकवण्याच्या हट्टापायी गुडघा वाकतो, छाती खाली वळते. हाताखाली वीट उभी ठेवली की पाय ताठ राहतो, छाती मोकळी होते. काही महिन्यांनी वीट आडवी, मग चपटी, मग नकोच. क्रम तो हाच. विटेने त्याला पायऱ्या दिल्या इतकेच. मात्र सशक्त माणसाची वीट वर्षानुवर्षे उभीच राहिली, तर आक्षेप घेणाऱ्यांचे खरे मानावे लागेल. सांधे दुखणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने वीट सुटली का हे पाहू नये. श्वास शांत आहे का, एवढेच पाहावे.

आई आता घडी घातलेल्या सोलापुरी चादरीवर बसते आणि तळपायांना जुन्या नऊवारीची पट्टी अडकवून पुढे वाकते. कपाळ गुडघ्याला लागत नाही. लागायला हवे, असे तिला आता वाटतही नाही.